पत्रिकेवरचा बाप

यंदाच्या मंडईची, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेची, पत्रिका परवा घरी आली. गुलाबी कागद, कोपऱ्यात गणपती, खाली अर्ध्या गावाची नावं आणि मधोमध फेटा बांधलेला माझ्या बापाचा फोटो. फक्त तो माझा बाप नव्हे. तो मुंबईचा एक मोठा नट आहे. तीन वर्षांपूर्वी त्यानं सिनेमात माझ्या बापाचं काम केलं. मंडळानं ‘शाहीर मनिराम यांचा सत्कार’ असं छापायचं ठरवलं आणि फोटो त्या नटाचा टाकला. मी तावातावानं विचारायला गेले. अध्यक्ष शांतपणे म्हणाला, “दोनी फोटो ठेवून पायले ना, ताई. याच्यात बाबाजी जास्त बाबाजीसारखे दिसून राहिले.”

पत्रिका बाबांपुढे धरली. त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, “बरा निघाला माहा फोटो.”

मी अंगणात जाऊन उगाच झाडू मारत बसले.

दिवाळी आटोपली की आमच्याकडची हवा बदलते. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत, बांध घातलेल्या शेतात, उभा असतो, आणि सकाळी दारातून बाहेर पडलं की ओल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास नाकात बसतो. मग एकेका गावाची मंडई लागते. आज या गावाला, उद्या त्या गावाला. लेकी माहेरी येतात, जावई येतात, नवेगाव बांधाच्या तळ्यातले शिंगाडे उकडून टोपल्यांत येतात. जिलेबीची कढई दुपारपासून तापते. पोरांच्या पिपाण्यांनी डोकं उठतं. आणि या सगळ्या गोंगाटाच्या वर, कुठून तरी, ढोलकी वाजते. ती वाजली की अजूनही मी हातातलं काम टाकून दाराशी येते. आनंदानं येते असं सांगायला मला आवडलं असतं, पण खरं सांगायचं तर जळत येते.

बाबा खडी गंमतीचे शाहीर. खडी, म्हणजे उभ्यानं करायची. ना पडदा, ना मंच. मैदानात उभं राहायचं, ढोलकीवाला बाजूला, मागे ओळ उचलणारे चौघे, आणि साडी नेसून नाचणारा एक पुरुष. आमच्या गावची रीत अशी की मंडईला दोन पार्ट्या बोलवायच्या. एक शाळेच्या बाजूला उभी राहते, दुसरी चिंचेच्या बाजूला. लोक मधे. एक पार्टी गायली की दुसरीनं थांबायचं. मग दुसरीची पाळी आली की सगळं मैदान वळून तिच्याकडे तोंड करतं. हरजीत सांगायला परीक्षक लागत नाही. तुझी पाळी आली आणि लोक वळलेच नाहीत, तर तुझ्यासमोर नुसत्या पाठी उरतात. त्या पाठींसमोर गात राहायचं.

पार्टीतला नाचणारा माझ्या आईची साडी नेसायचा. हिरवी, जरीच्या काठाची, आईच्या लग्नातली. मंडईच्या दिवशी आई ती स्वतः घडी घालून द्यायची. मी नऊ-दहा वर्षांची असेन. साडी मैदानात जाऊ शकते, मग मी का नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि तो अजून सुटलेला नाही. बाबांची सगळी गाणी मला दाराआडून पाठ झाली होती. एकदा विहिरीवर पाणी ओढताना मी मोकळ्या गळ्यानं एक म्हटलं. बाबा मागून येत होते. ते थांबले, मला वाटलं आता काही तरी म्हणतील. म्हणाले, “आवाज घरात ठेव.” एवढंच. चूक काय झाली, सूर कुठे गेला, काही नाही. मारलं असतं तरी बरं वाटलं असतं.

तो आवाज मी घरातच ठेवला. पुढे अंगणवाडीत नोकरी लागली तेव्हा तिथे थोडा बाहेर काढला. गेली पंचवीस वर्षं मी तीन-चार वर्षांच्या पोरांना चिऊताईची आणि भाजीपाल्याची गाणी शिकवते. माझं सासर गावातच, बाबांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आई गेल्यापासून सकाळचा चहा आणि दोन वेळचं जेवण मीच त्यांच्याकडे जाऊन करते.

आणि तीन वर्षांपूर्वी तो मोठा नट आला. दिवाळीच्या आधी वीस दिवस. पांढरी गाडी, सोबत चष्मेवाली तरुण दिग्दर्शिका, आणि हातात शाळेच्या पोरांसारखी वही. सिनेमा अशा एका शाहिराचा होता, ज्याच्याकडे लोक पाठ फिरवतात. गोंदियाच्या कोणीतरी बाबांची एक जुनी टेप देऊन त्यांचं नाव सांगितलं होतं. काय बोलावं! जिल्ह्यात पडलेला शाहीर कोण म्हणून विचारलं तर लोकांना बाबा आठवले.

बाबांना ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी विषय वळवला. छाती पुढे काढून म्हणाले, “गानं शिकवतो तुमाले. सहा महिन्यांत तयार करतो.”

नट नम्रपणे म्हणाला, “गाणं नको, शाहीर. तुम्ही शेवटी शेवटी कसे गात होता, ते शिकवा.”

ढोलकीवाले बुधाजी, बाबांचे चाळीस वर्षांचे सोबती, ते जमिनीकडे पाहू लागले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी तांदूळ निवडत होते. मला वाटलं, आता हा पाहुणा शिवी खाऊन जाणार. माझा बाप तिखट तोंडाचा. पण त्यांनी त्या माणसाचे पाय न्याहाळले आणि ते म्हणाले, “चुकाचं असन तर आधी बरोबर यावं लागते. उठा, उभे राहा.”

तिथून ते वीस दिवस सुरू झाले. सकाळी सात ते दुपारी बारा. मी ते सगळे दिवस त्या खिडकीशी काढले. त्या वीस दिवसांत माझ्या तांदळात एक खडा सापडला असता तर बक्षीस दिलं असतं.

दम संपत आला की शाहीर काय करतो? फेट्याला हात लावतो, जणू तो सैल झालाय. वरची ओळ लागणार नाही असं वाटलं की आधीच हसून घेतो. ठेका निसटला की ढोलकीवाल्याकडे असं पाहतो की लोकांना वाटावं, चूक त्याची आहे. हे सगळं माझ्या बापानं उभ्या आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही घरचे ते पाहायचो आणि न पाहिल्यासारखं करायचो. ते आता खुल्या अंगणात, दिवसाढवळ्या, एका परक्या माणसाला समजावून सांगत होते. आणि तो वहीत लिहून घेत होता.

बोलणी किती बसायची त्याला! “पाय उशिरा पडून राहिला तुमचा.” “साँस दाखवू नका, चोरा.” “कायले एवढे रडके होता? पडनारा मानूस रडत नाही, तो जास्त हासते.” प्रत्येक बोलण्यासरशी माझ्या काळजात कळ यायची. त्याची दया येऊन नाही. ती बोलणी माझी होती. चाळीस वर्षं मी त्यांची वाट पाहिली होती, आणि ती हा गाडीतून उतरलेला माणूस फुकटात खात होता.

वाईट हे की त्याच्यावर राग धरायलाही जागा नव्हती. जेवला की स्वतःची थाळी स्वतः धुवायचा. मला ताई म्हणायचा. भाजीत मीठ जास्त पडलं त्या दिवशी त्यानं दुसऱ्यांदा भाजी मागितली. एकदा मी खिडकीशी गुणगुणत होते तर त्यानं मान वळवली आणि बाबांना म्हणाला, “ताईंचा गळा फार चांगला आहे हो.”

बाबा म्हणाले, “ते अंगनवाडीत लेकराईले गाने सांगते.” आणि पुन्हा त्याचे पाय पाहू लागले.

दिवस जात होते तसा तो बाबांसारखा होत चालला होता. एका दुपारी शेजारची म्हातारी कुंपणावरून ओरडली, “मनिराम, तुया बकरीनं माहे वाल खाल्ले!” तो वळला आणि अगदी बाबांसारखा कपाळावर हात मारून म्हणाला, “मारा मग तिले!” म्हातारीला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे हसले, बाबा सगळ्यांत जास्त हसले. मी हसले नाही. मी याच माणसाची लेक, त्याचंच नाक, त्याचीच हनुवटी, पण कुणी कधी मला हाक मारताना असं चुकलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात तो मला शोधत स्वयंपाकघराच्या दाराशी आला. बाबा ज्या मंडईत पडले, ती शेवटची मंडई मी पाहिली होती का, असं त्यानं विचारलं. पाहिली होती. शेजारच्या गावात, लग्नानंतर, नवऱ्यासोबत. एका बाजूला डान्स हंगाम्याचे, रेकॉर्डवरच्या नाचाच्या कार्यक्रमाचे, कर्णे लावले होते, दुसऱ्या बाजूला बाबा. त्यांची पाळी आली, बुधाजींनी थाप मारली, आणि मैदान वळलं नाही. बाबा गात राहिले. जास्त जोरात, जास्त हसून.

“आणि तुम्ही कुठे होता, ताई?” त्यानं विचारलं.

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. त्याला का सांगितलं कोण जाणे. “मीसुद्धा पाठ करून उभी होते,” मी म्हणाले. “पाहवत नव्हतं.”

त्यानं वही उघडली नाही, तेवढं त्याचं मी मानते. पण सिनेमात ते आहे. गर्दीत पाठमोरी उभी असलेली एक मुलगी. लोक म्हणतात, तिथे डोळ्यांत पाणी येतं. माझी लाजही तो घेऊन गेला आणि त्याच्या अंगावर ती शोभून दिसली.

मग दिवाळी आटोपली आणि शूटिंगचा दिवस उजाडला. आमच्याच मैदानात, दुपारी चार वाजता. उन्हं तिरपी झालेली, धूळ उडत होती, गावच्या मंडईला येते त्याच्या दुप्पट माणसं जमलेली. नट शाळेच्या बाजूला उभा राहिला. डोक्यावर बाबांचा फेटा, अंगावर बाबांचा सदरा. समोर पहिल्या रांगेत खुर्चीवर बाबा, त्याच्याकडे तोंड करून. चिंचेच्या बाजूला गाणारी एक पार्टी आणायची ठरली होती, पण ती आली नाही. मंडईच्या दिवसांत कोणती पार्टी मोकळी असते? तिला तिकडे अर्जुनीकडे खरी मंडई होती. दिग्दर्शिका म्हणाली, हरकत नाही, आवाज नंतर भरू, तिकडे नुसता ढोलकीवाला उभा करा. बुधाजींना उभं केलं. लोकांना समजावलं: नट गायला लागला की तुम्ही पाठ फिरवायची.

नट गायला लागला. कुणीही पाठ फिरवली नाही.

कशी फिरवणार? एवढा मोठा नट उन्हात उभा राहून गातोय आणि त्याच्याकडे पाठ करायची? लोक शिट्ट्या मारत होते. तो जितका वाईट गाई तितक्या टाळ्या पडत. एक जण तर धावत जाऊन त्याच्या सदऱ्याला शंभराची नोट लावून आला, गंमतीत चांगल्या शाहिराला लावतात तशी. तीन वेळा केलं, चार वेळा केलं. त्या माणसाला आमच्या मैदानात पडताच येईना! मला आतून इतकं गार वाटलं की विचारू नका. शीक म्हणावं, वीस दिवस शीक आणखी.

दिग्दर्शिका रडकुंडीला आली. बाबा खुर्चीतून ओरडले, “सामने कोनी गानारा पायजे, बाई! लोक उगाच पाठ करत नाही. त्याईले दुसरीकडं काई तरी पायजे!”

मी चिंचेखाली, बुधाजींना पाणी द्यायला गेले होते. बुधाजींनी गडवा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “तू म्हन.”

“मी?”

“मग कोन? वीस-बावीस वर्सं अंगनवाडीच्या खिडकीतून आयकून राहिलो तुले.”

पायांत चप्पल होती, ती मी काढली. एवढंच आठवतं. बुधाजींची थाप पडली आणि मी उभी राहिले. बाबांचं गाणं, त्यांच्याच पट्टीत, त्यांच्या भरभराटीच्या काळातलं:

तळं भरलं, बांधी भरली, बुडली पायवाट,
कोन्या वाटेनं येशील आता, सांग कोनती वाट...

पहिल्या ओळीला जवळची चार बायका-पोरं वळली. दुसऱ्या ओळीला मधले लोक. तिसरी ओळ लांब आहे, एका दमाची. ती सुरू झाली आणि सगळं मैदान फिरलं. वाऱ्यानं धान एका बाजूला लवतो तसं. इतकी तोंडं एकदम माझ्याकडे, आणि त्यांच्यावरून, लांब, शाळेच्या बाजूला, त्या मोठ्या नटाचा चेहरा. तो गात होता, हसत होता, फेट्याला हात लावत होता. आणि माझ्याकडे पाहत होता. तो चेहरा मी ओळखला. मला कोण जाणे किती वर्षं आरशात दिसणारा चेहरा होता तो.

मग मी बाबांना शोधलं. त्यांच्यासाठीच तर गात होते. सापडले लगेच. कारण त्या सगळ्या मैदानात एकच पाठ माझ्याकडे होती, आणि ती त्यांची होती. ते खुर्चीत पुढे वाकून नटाचे पाय पाहत होते.

गाणं मी कसं संपवलं ते मला माहीत नाही. दिग्दर्शिका धावत आली, तिनं मला मिठी मारली, मिळालं मिळालं म्हणून नाचली. तिला हवं ते मिळालं. त्या चेहऱ्याला पुढे मोठाली बक्षिसं मिळाली. पेपरात आलं, की अपयश असं कुणी याआधी दाखवलं नव्हतं. सिनेमात चिंचेच्या बाजूनं जो आवाज येतो तो मुंबईच्या कुण्या गायिकेचा आहे, स्वच्छ, गोड, तळ्यात कधी पाय न घातलेला. मी तो सिनेमा मोबाईलवर किती वेळा पाहिला सांगत नाही. दर वेळी तो चेहरा पाहते आणि मनात म्हणते, हा कुणामुळे असा झालाय हे कुणाला ठाऊक नाही. बक्षीस त्याचं असू दे, पण तो हेवा मी दिलेला होता.

त्या संध्याकाळी सिनेमावाल्यांनी बाबांना आपल्या गाडीतून जेवायला नेलं. मैदानात बायका माझ्याभोवती जमल्या, कुणी हात धरला, कुणी गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मला काही ऐकू येत नव्हतं. ती पाठ डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी चहा करायला गेले. न जाण्याचं मनात आलं होतं, पण त्यांना चहाशिवाय गोळी चालत नाही. बाबा खाटेवर बसले होते, खुशीत. नट जाताना पाया पडला, कसा पडला, काय बोलला, सगळं सांगून झालं. मग म्हणाले, “आन काल त्या लोकाईनं माही जुनी टेप मस्त लावली वो, चिचेकडून. कसा मोकळा आवाज होता माहा तवा! मले तं मान वळवून पाहाचीबी हिंमत नाई झाली.”

मी आधणात चहापत्ती टाकली.

“टेप नोहती, बाबा,” मी म्हणाले. “मी होती.”

“तू?”

“हो.”

“मैदानात?”

“मैदानात.”

“उभी राहून?”

“मग का बसून? खडी गंमत हाये ना?”

बाहेर कुणाच्या तरी बैलगाडीवरून धानाचे भारे चालले होते, चाकं कुरकुरत गेली. पायाच्या अंगठ्यानं बाबांनी जमिनीवर एक रेघ ओढली, पुसली. मला वाटलं, आता पुन्हा तेच येणार, आवाज घरात ठेव. मी गॅसकडे वळले.

“तिसऱ्या ओळीत साँस काऊन तोडली?” ते म्हणाले.

मी वळले नाही.

“ओळ सराच्या आंधी तोडली तू. तिथं तोडाचं नसते. मले काल वाटलंच, टेप अटकली का काय. पोटातून घे, खांदे वर करू नोको. म्हन पुन्हा.”

चहा वर येत होता. डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं, तरी मी आच कमी केली, साखर टाकली, चमच्यानं ढवळत राहिले. त्या माणसाला वीस दिवस दिले होते त्यांनी. रोज पाच तास. मी काय एका हाकेला लगेच तोंड उघडायचं?

“आयकू नाई येऊन राहिलं का? म्हन पुन्हा, म्हनलं ना!”

त्यांचा आवाज चढला होता. अगदी त्या नटावर चढायचा तसा, उलट थोडा जास्तच. मी ढवळत राहिले. आणखी एकदा ओरडू दे.